बस म्हणेपर्यंत

वॉकरच्या पायांना रबराच्या नव्या टोप्या बसवायच्या होत्या, एवढंच काम. व्यायामताई पिशवीत टोप्या, एक पाना आणि पाण्याची बाटली टाकून भर दुपारी घरातून निघाली, तेव्हा तिच्या मनात दुसरं काहीही नव्हतं. मनगट मोडल्यामुळे ती बरेच दिवस घरात अडकून पडली होती. प्लास्टर निघालं, हात अजून थोडा आखडलेला होता, पण पुन्हा चार लोकांच्या घरी जायला मिळतंय याचाच तिला आनंद होता.

व्यायामताई हे नाव तिला पेशंटांनीच चिकटवलेलं. ज्यांचे पाय चालता चालता मध्येच जमिनीला खिळतात, ज्यांना श्वास आत घेता येतो पण धड बाहेर टाकता येत नाही, अशा माणसांना ती घरी जाऊन शिकवायची. पायांना कानाने हलवायचं आणि श्वासाला पाठीने, अशी तिची पद्धत. पाय अडला की शेजारी टक् असा आवाज करायचा. जो पाय डोक्याचं ऐकत नाही तो आवाजाचं ऐकतो. श्वासासाठी दोन खांद्यांच्या मधोमध तळवा ठेवायचा. तळवा दाबला की श्वास सोडायचा, बोटं उचलली की घ्यायचा. पेशंटने विचार करायचा नाही, हाताच्या मागे जायचं.

रोज जाणं तिला शक्य नसे, म्हणून घरातल्या एकाला ती हे शिकवून ठेवायची. आधी स्वतःचा हात पेशंटच्या पाठीवर ठेवायची आणि म्हणायची, "आता माझ्या हातावर हात ठेवा." दोन हात एकावर एक असे काही दिवस चालले की शिकणाऱ्याला अंदाज यायचा. पण घरची माणसं ती घरचीच. कोणी दारावर आलं की हात काढतात, कंटाळा आला की हात काढतात, आणि पेशंट बिचारा अर्ध्या श्वासावर लटकत राहतो. त्यावरून तिने इतक्या लोकांशी भांडणं केली होती की शेवटी तिने नियमच करून टाकला. मी बस म्हणेपर्यंत हात काढायचा नाही. आणि हाताची सवय सोडवायची वेळ आली की मात्र ती स्वतः सोडवायची, हळूहळू, आज थोडी, उद्या थोडी. टेकू एकदम काढला तर माणूस कोसळतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

आज ज्या घरी ती चालली होती तिथले काका म्हणजे फर्निचरच्या कारखान्यात लाकडाचा भुसा खात आयुष्य काढलेला माणूस. छाती भात्यासारखी फुगलेली, आतली हवा आतच अडकायची. त्यात पायांचा आजार. त्यांची बायको कपडे शिवायची, आणि व्यायामताईला आजवर मिळालेली सगळ्यात चांगली विद्यार्थिनी तीच. काकू प्रश्न विचारायच्या नाहीत, फाटे फोडायच्या नाहीत. नियम सांगितला तेव्हा त्या नुसत्या हसल्या होत्या.

"मध्येच सोडलेली टीप उसवते हो. कळतं मला."

शिवणकामाचं अंगुस्तान त्यांच्या मधल्या बोटात कायम असायचं. पितळेची ती छोटी टोपी त्या वॉकरच्या डाव्या पायावर वाजवायच्या. टक्. काकांचा पाय उचलला जायचा. पाठीवर हात ठेवताना तरी ते काढा, असं व्यायामताईने एकदा सुचवून पाहिलं, तर काका कुरकुरले. तो गार ठिपका पाठीला लागला की बरं वाटतं म्हणाले. मग ते तसंच राहिलं.

व्यायामताईचं मनगट मोडलं आणि तिचं जाणं बंद झालं. त्याच दरम्यान काकू गेल्या. सुनेने फोनवर कळवलं तेव्हा व्यायामताईला फार वाईट वाटलं होतं. मनातून तिने काकांचीही आशा सोडली होती, कारण ज्याच्या हातावर पेशंट चालतो तो हात गेला की पेशंट टिकत नाही. म्हणून काल सुनेचा पुन्हा फोन आला तेव्हा तिला आश्चर्य वाटलं.

"बाबा चालतात," सून म्हणाली होती. "छान चालतात. वॉकरच्या टोप्या झिजल्या चालून चालून." आणि थोडं थांबून, "तुम्ही याच. टोप्यांचं निमित्त समजा."

घर पहिल्या मजल्यावर होतं. सून एका दवाखान्यात औषधं द्यायला बसायची. आज रविवार असल्याने ती घरीच होती. दार उघडून ती बाजूला झाली, पण व्यायामताईच्या डोळ्याला डोळा काही तिने भिडवला नाही. आत खिडक्या लावलेल्या होत्या. शिलाई मशीनच्या तेलाचा आणि नव्या, खळ न गेलेल्या कापडाचा वास तसाच होता. मशीन मात्र कोपऱ्यात नव्हतं.

"मशीन कुठे गेलं?"

"दिलं कोणाला तरी. कधीच दिलं."

काका खुर्चीत बसले होते. रंग उतरला होता, पण चेहरा शांत होता. व्यायामताईला बघून त्यांनी मान हलवली. तिने वॉकर आडवा केला, जुन्या टोप्या ओढून काढल्या, नव्या बसवल्या, पान्याने सगळे स्क्रू आवळले. मग म्हणाली, "चला काका, एक फेरी मारून दाखवा बघू."

खोलीतून एक अरुंद बोळ निघून स्वयंपाकघराकडे जायचा. बोळाच्या तोंडाशी आल्यावर काकांचे पाय चिकटले. दारातून जाताना असं होतंच. व्यायामताईने आवाज करायला हात उचलला.

टक्.

काकांचा पाय उचलला गेला.

तिचा हात तसाच हवेत राहिला. तिने सुनेकडे पाहिलं. सून जमिनीकडे बघत उभी होती, दोन्ही हात ओढणीत गुंडाळलेले.

टक्. दुसरा पाय. टक्. काका बोळातून निघाले, आणि खरोखर छान निघाले.

एखादा स्क्रू सैल राहिला असेल, असं व्यायामताईने स्वतःला सांगितलं. शहाणी बाई होती, लगेच घाबरणारी नव्हती. ती खाली वाकून वॉकरच्या बरोबरीने चालली, डाव्या पायाला कान लावून. आणि मग तिच्या लक्षात आलं. स्क्रू सैल असता तर वॉकर टेकल्यावर आवाज आला असता. हा आवाज आधी येत होता. वॉकर अधांतरी, काकांचा पाय जमिनीला चिकटलेला, आणि टक्. पितळ लोखंडावर वाजल्याचा. त्यानंतर पाऊल.

"कधीपासून?" तिने सुनेला हळूच विचारलं.

"आई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून." सून तितक्याच हळू बोलली. "चालण्याचं मी काही म्हणत नाही, ताई. चालू दे. तुम्ही श्वास बघा..."

काकांना बोळातल्या स्टुलावर बसवलं. त्यांच्या मागे दुसरं एक स्टूल होतं, काकूंचं. व्यायामताईला त्यावर बसवेना. ती उभ्यानेच वाकली, काकांच्या पाठीवर तळवा ठेवला आणि नेहमीच्या सवयीने त्यांच्याबरोबर श्वास सोडू लागली. पेशंटच्या श्वासाबरोबर श्वास ठेवायचा, म्हणजे तो किती लांबला ते आपल्याला अंगात कळतं.

श्वास बाहेर चालला. चालला. ओठांतून बारीक सुसकारा येत होता, चहावर फुंकर मारावी तसा. तो संपेना. व्यायामताईची छाती रिकामी झाली, तिला राहवेना, तिने मुकाट्याने हवा आत ओढली. काकांचा सुसकारा थांबला होता, पण ते श्वास घेत नव्हते. पाठ तिच्या हाताखाली नुसती थांबून राहिली होती. नखं निळसर होत चालली होती. चेहऱ्यावर कसलीही धडपड नाही, आणि तेच भयंकर होतं. रांगेत नंबर यायची वाट बघणाऱ्या माणसासारखे ते बसले होते.

मग तिच्या तळव्याच्या अगदी कडेला काहीतरी हललं. काकांच्या शर्टावरची सुरकुती सपाट झाली आणि पुन्हा उठली, वरून कोणी बोटं उचलल्यासारखी. तिच्या करंगळीला एक गार, गोल ठिपका घासून गेला. काकांनी छाती भरून श्वास घेतला.

व्यायामताईने हात खेचून घेतला.

"दर सोमवारी लांबतो," सून म्हणाली. "बरोबर सोमवारी. आधी मला वाटलं, सुधारतंय. मग वाटायला लागलं, आता हे घेतात की नाही... मी रात्री उठून त्यांच्या नाकाशी हात धरते, ताई. परवा तर मी त्यांना गदागदा हलवलं. उपयोग नाही. तो हात उठेपर्यंत ते घेतच नाहीत."

"पण एवढं लांबवायला सांगितलं कोणी?"

सुनेने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं.

"तुम्ही."

व्यायामताईला आठवलं. हवा अडकते म्हणून सोडायचा श्वास लांबवायचा असतो, थोडा थोडा. दर सोमवारी थोडा वाढवा, मी बस म्हणेपर्यंत. तिनेच सांगितलं होतं, मनगट मोडायच्या आधीच्या खेपेला. आणि मग ती आलीच नव्हती. बस म्हणायला कोणी आलंच नव्हतं.

"त्या... कशा गेल्या?"

"इथेच. ह्या स्टुलावर. मी कामावरून आले तेव्हा दोघं बसले होते, रोजच्यासारखे. बाबांचा श्वास अगदी बरोबर चालला होता." सून स्टुलाकडे बघत होती. "आईंचा नव्हता. हात पाठीवर तसाच. अंगुस्तान बोटातून निघेना, ते तसंच गेलं त्यांच्याबरोबर."

काका हळूच म्हणाले, "शिस्तीची आहे ती." आणि पुन्हा श्वास सोडायला लागले.

व्यायामताई घाबरली होती यात शंका नाही. पण त्याहून जास्त तिला काकांची नखं दिसत होती. उद्याच सोमवार होता. एक शब्द राहून गेला होता, तो म्हटला की झालं, असं तिला वाटलं. घाईघाईत, भीतीच्या पोटी, ती रिकाम्या स्टुलाकडे वळली.

"काकू, बस."

काही झालं नाही. नंतर तिच्या लक्षात आलं की काही झालं नाही हेच झालं होतं. मशीनच्या तेलाचा वास एकदम विरला. काकांची पाठ रिकामी, सपाट, थांबलेली. श्वास बाहेर गेला होता. आत येत नव्हता.

तिने पाठीवर तळवा दाबला, बोटं उचलली. पाठ हलली नाही. पुन्हा उचलली. वॉकरवर पाना वाजवला, टाळी वाजवली, "घ्या काका, घ्या श्वास," म्हणाली. काका तिच्याकडे बघत होते. डोळ्यांत ओळख होती, लोभ होता, पण तिच्या हाताचं ते ऐकत नव्हते. त्यांची पाठ त्या गार ठिपक्याची वाट बघत होती. ओठ काळवंडले. सून भिंतीला धरून खाली बसली.

टेकू एकदम काढला तर माणूस कोसळतो. जगाला हे बजावत फिरणाऱ्या बाईने स्वतःच तो काढला होता.

"काकू, सुरू करा," ती म्हणाली. "ऐका ना... सुरू करा."

काही नाही. बस म्हटल्यावर हात काढायचा, एवढंच काकूंना शिकवलं होतं. पुन्हा सुरू करायचं कसं, ते शिकवलं नव्हतं. मग कसं शिकवायचं? जसं पहिल्या दिवशी शिकवलं तसं. व्यायामताईने हात काकांच्या दोन खांद्यांच्या मधोमध ठेवला, डोळे मिटले, आणि आवाज जमेल तितका रोजचा करून ती म्हणाली,

"आता माझ्या हातावर हात ठेवा."

आधी गारवा आला. मग वजन. हलकं, कोरडं, सुया टोचून खरखरीत झालेलं. चार बोटं, आणि मधल्या बोटाच्या जागी तो पितळी गोल, थेट तिच्या हाडावर. तिचं आखडलेलं मनगट कळवळलं, पण तिने हात हलू दिला नाही. "उचला," ती म्हणाली. दोन्ही हातांची बोटं एकदम उचलली गेली.

काकांनी श्वास घेतला. मोठा, घरघरत, हपापल्यासारखा. सून रडायला लागली.

त्या दिवसापासून व्यायामताई रोज तिथे जाऊ लागली. याला वेड म्हणा, पण दुसरा काही इलाज तिला सुचला नाही. रोज दुपारी ती काकांच्या पाठीवर हात ठेवायची, तिच्या हातावर तो हात यायचा, आणि ती शिकवायची. "थोडा आखूड, काकू. आणखी आखूड. छान." मग दाब हलका करायला शिकवलं. मग नुसता स्पर्श. टक् आवाज आधी प्रत्येक पावलाला व्हायचा, तो फक्त दाराशी येऊ लागला. विद्यार्थिनी पहिल्यासारखीच होती, एका शब्दात समजणारी. कधी कधी व्यायामताईला भीतीचाही विसर पडायचा. काकांची नखं गुलाबी झाली, दोन घास जास्त जाऊ लागले, आणि एकदा तर सुनेने केलेला चहा पाणचट झाल्याची तक्रारही त्यांनी केली. सून इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेवटच्या दिवशी तिघांनाही माहीत होतं की आज तो शब्द म्हणायचा. व्यायामताईने काकांच्या छातीवर नजर लावली.

"काकू," ती म्हणाली, "बस."

आणि तिने हात काढून घेतला. काकांचा श्वास बाहेर गेला, क्षणभर रेंगाळला, आणि आपला आपण आत आला. पुन्हा गेला. पुन्हा आला. सून तोंडावर हात धरून बघत होती. काका वळून मागच्या स्टुलाकडे बघत राहिले. "गेली वाटतं," ते म्हणाले.

व्यायामताई सगळा वेळ काकांची छाती बघत होती, तिचं कामच ते. तिच्या हातावरचा हात कधी उचलला गेला, उचलला गेला की नाही, याकडे तिचं लक्ष नव्हतं.

हे होऊन काही दिवस गेले. रविवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात ताटं पुसत होती. दाराजवळ टेबलावर तिचा नवरा आठवड्याच्या शर्टांना इस्त्री करत होता. दिवे लागलेले होते, रेडिओवर कोणी तरी बोलत होतं, कोमट कापडाचा वास घरभर पसरला होता. एवढं निवांत बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

"तू परत तसं करतेयस," नवरा म्हणाला.

"कसं?"

"श्वास सोडतेस आणि मग घेतच नाहीस. नुसती उभी राहतेस. मी मघापासून बघतोय. मग एकदम कोणी सांगितल्यासारखी घेतेस. पेशंटांची नक्कल घरी नको हं, इथे त्याचे पैसे कोणी देत नाही."

ती हसली. "कामाची सवय. दिवसभर त्यांच्याबरोबर श्वास सोडायचा, मग काय होणार."

हसण्यात हवा संपली. आता घ्यायचा, असं तिने मनात म्हटलं, त्याला दाखवायला. छाती हलली नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. ओलं ताट हातात धरून ती उभी राहिली, आणि दोन खांद्यांच्या मधोमध, ब्लाउजच्या वर, एक गार गोल ठिपका आधीपासूनच टेकलेला आहे हे तिला कळलं. बस म्हटलं की हात काढायचा, एवढंच तिने शिकवलं होतं. काढलेला हात ठेवायचा कुठे, ते शिकवलं नव्हतं.

बोटं उचलली गेली. तिने श्वास घेतला.

आता तिच्याजवळ हवा होती, आणि तो शब्द म्हणता आला असता. तो जिभेवर आला होता. पण एकदम बस म्हटलं तर काय होतं, ते तिने बोळात पाहिलं होतं. हळूहळू सोडवायचं तर पाठीवर आधी आपला हात हवा, आणि स्वतःच्या पाठीवर त्या जागी स्वतःचा हात कोणाचाच पोचत नाही. तिने तो शब्द गिळला. तळव्याचा दाब आला, आणि तिचा श्वास मुकाट्याने बाहेर निघाला.

नवऱ्याने शेवटचा शर्ट घडी करून ठेवला आणि इस्त्रीचं बटण बंद केलं.

"झालं एकदाचं," तो म्हणाला. "उद्या सोमवार."

तिला काहीतरी बोलायचं होतं. ती बोटं उचलली जायची वाट बघत राहिली.